डब्यातला चमचा

मी बसची कंडक्टर आहे आणि माझ्या गाडीत फुकट कोणी जात नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझं डोकं का फिरलं ते कोणी विचारायला नको. एकदा सख्खा मामा चढला. ‘काय गं, कशी आहेस’ म्हणत पुढच्या सीटवर ऐसपैस बसला. मी त्याच्या गुडघ्यांची चौकशी केली, तिकीट फाडलं, पैसे घेतले आणि सुट्टे नाहीत म्हणून वर दोन शब्द सुनावले. मामी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे. डेपोत मला सगळे ‘कडक बाई’ म्हणतात आणि मला त्याचं काही वाटत नाही.

आमचे हे माझ्या अगदी उलटे. बेकरीत भट्टीवर काम करायचे. पाव भट्टीतून निघाला की तो उलटा धरून बुडावर टिचकी मारायची आणि कान लावायचा. पोकळ आवाज आला की झाला, नाहीतर परत आत. घरी आले की कानाच्या मागे, भुवयांत, घड्याळाच्या पट्ट्याखाली, सगळीकडे मैदा. मी म्हणायचे, “अहो, तुम्हाला झटकलं तर उद्याची न्याहारी निघेल.” ते हसायचे. त्या माणसाला राग येत नाही, हाच त्याच्यातला सगळ्यात मोठा दोष. घरातला सगळा राग मलाच एकटीला करावा लागतो.

आणि जेवायचे कसे? हाताने. उजव्या हाताच्या पाचही बोटांनी, सावकाश, भात कालवून, घास वळून. लेकीने एकदा कौतुकाने काटेचमचे आणले तर म्हणाले, “बोटांना कळल्याशिवाय पोटाला कळत नाही गं.” लग्नात मिळालेला चमच्यांचा संच माझ्याकडे तसाच पडून होता, दांड्यावर छोटंसं फूल असलेला. त्याला आमच्या घरात काही कामच नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा.

मग बेकरीत तो आला. त्याला आईबापांनी नाव ठेवलं असणारच, पण ते कोणी घेत नाही. सगळे फुकट्या म्हणतात. चांगला तिशीचा बाप्या. चहा दुसऱ्याचा, साबण दुसऱ्याचा, विडी दुसऱ्याची, काडीसुद्धा दुसऱ्याची. बसने जायचं असेल तर आधी लांबून बघायचा, दारात मी उभी दिसले की पुढच्या गाडीची वाट बघायचा. मारामारीपायी एकदा आत जाऊन आलेला. अशा माणसाला काम दिलं मालकाने, आणि जेवण दिलं आमच्या ह्यांनी. दुपारी डबा उघडला की हा समोर मांडी ठोकून बसायचा. “दादा, आज काय आणलंय?” जशी काही याची आईच डबा भरून देते!

हे कळलं तेव्हा मी तणतणले. आयत्या बिळावर नागोबा, असंगाशी संग, सगळं म्हणून झालं. ह्यांचं एकच, “अगं, त्याला भूक लागते.”

“भूक नाही ती, हावरटपणा आहे.”

“हावरटाला पण भूक लागतेच ना?”

मी भात जास्त घालायला लागले. पण तो हात न धुता माझ्या नवऱ्याच्या भातात बोटं घालतो हे मला सहन होईना. म्हणून मी त्या संचातला एक चमचा डब्यात टाकला. ह्यांना बजावून सांगितलं, “हा त्याचा. तुमच्या घासात त्याची बोटं नकोत.” फुलाचा चमचा डब्यातून रोज जायचा आणि रोज घासून परत यायचा. घासायचे अर्थात हे.

खाल्ल्या मिठाला जागावं की नाही? संध्याकाळी उरलेले शिळे पाव हे देवळामागच्या वृद्धाश्रमात नेऊन द्यायचे. मालकाला माहीत होतं, पण कानाडोळा करायचा. फुकट्याने जाऊन कान भरले, ‘दादा ताजे पावही पिशवीत घालतो.’ चक्क खोटं! कशासाठी, तर मालकाच्या नजरेत भरावं म्हणून. मालकाने ह्यांना भट्टीवरून काढलं आणि मिक्सरवर टाकलं, मैदा मळायच्या मशीनवर. ज्या माणसाला टिचकीत पाव कळायचा त्याला गोण्या ओतायला लावलं. आणि त्याच्या हाताखाली दिलं कोणाला? त्याच फुकट्याला. मी म्हटलं, “आता तरी डबा बंद.” हे म्हणाले, “मालकाकडे बोलला तेव्हा घाबरला होता गं तो. काम जाईल म्हणून.” मी ताट आपटलं. त्या दिवशी मी जेवले नाही, हे मात्र पोटभर जेवले.

त्याच आठवड्यात आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेला पाळकसाहेबांनी नेमकं तारणावर सांगितलं. म्हणाले, तारण कमावता येत नाही, विकत घेता येत नाही, आपली लायकी नसताना ते मिळतं. फुकट मिळतं. दोनदा म्हणाले, फुकट. मी ह्यांच्या कानाला लागले, “माझ्या गाडीत चढून दाखव म्हणावं.” ह्यांना हसू आवरेना, त्यांनी रुमाल तोंडावर धरला. पुढच्या बाकावरच्या म्हातारीला वाटलं, ह्यांना गहिवरून आलं. तिने मागे वळून ह्यांचा हात दाबला. उजवा हात.

आता त्या मिक्सरबद्दल सांगते. मोठं पातेलं असतं, पिंपाएवढं, आणि आत लोखंडी आकडा फिरतो. वर जाळी असते. जाळी उचलली की मशीन आपोआप थांबतं, अशी त्यात सोय आहे. पण पातेल्याच्या कडेला पीठ चिकटतं. ते खरवडायचं तर जाळी उचला, खरवडा, बंद करा, परत सुरू करा. कंटाळवाणं काम. फुकट्याने डोकं चालवलं. जाळीच्या खाचेत एक चमचा दांड्याकडून अडकवला की मशीनला वाटतं जाळी बंद आहे, आणि ते उघडंच फिरत राहतं. चमचा कोणता, ते सांगायला नकोच. चमच्यानेच चमचा घातला!

हे गोदामातून गोणी घेऊन आले तोवर हा उघड्या मशीनमध्ये हात घालून खरवडत होता आणि आकड्याने त्याची बाही धरली होती. भट्टीवरचा म्हातारा पाठमोरा होता. त्याने ओरडणं ऐकलं आणि धावत जाऊन मेन बंद केला, तेवढंच. मधे काय झालं ते ह्यांना आणि फुकट्यालाच ठाऊक. ह्यांनी आपला हात आकड्यात कोंबला आणि खांद्याने त्याला मागे ढकललं. आकडा क्षणभर अडला. त्याची बाही फाटली आणि तो सुटला. ह्यांचा हात सुटला नाही.

कोपराखालून कापला. उजवा.

दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा मी उशाशी होते. डोळे उघडले, पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “आता टाळी वाजवायची तर तुझा हात लागणार.” मी त्यांना तिथेच बोल बोल बोलले. नर्सने मला बाहेर काढलं. बाहेर बाकावर कोण बसलेलं? तोच. ह्यांच्यासाठी आलेला दवाखान्यातला पेज-पाव त्याच्या मांडीवर आणि तो खातोय! मला म्हणाला, “दादा झोपले होते वहिनी, गार झालं असतं.”

अहो, एवढा मोठा जीव वाचला, माणूस निदान बदलेल की नाही? मला वाटलं, पायावर लोळण घेईल, व्यसनं सोडेल, साधू होईल. कुत्र्याचं शेपूट! अजून विडी दुसऱ्याची, काडी दुसऱ्याची. कोणासाठी दिला हो हात? एखाद्या सज्जनासाठी दिला असता, एखाद्या लेकुरवाळ्यासाठी दिला असता, तर मी चार लोकांत मान वर करून सांगितलं तरी असतं.

पाळकबाई भेटायला आल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “देवाची योजना असते.” मी म्हटलं, “बाई, योजना करणाऱ्याला सांगा, भाकरी घरात ह्यांच्या त्या हाताने यायची.” त्या बिचाऱ्या चहा अर्धा टाकून गेल्या. मग मी देवळात गेले, एकटीच, दुपारची, आणि वधस्तंभासमोर उभी राहून भांडले. म्हटलं, ज्याने जीव दिला त्याची गाणी सगळे गातात. पण खाली त्याची आई उभी होती. तिला कोणी विचारलं होतं का, ‘बाई, तुझी परवानगी आहे का?’ लोकांना तारण फुकट मिळालं असेल. तिला नाही मिळालं फुकट. मलाही नाही. झाडणारी बाई झाडू घेऊन दारात थबकली होती, ती हळूच मागे फिरली.

आणि अजून कळस व्हायचाच होता. चौकशी लागली. खाचेत सापडलेला चमचा कामगार कचेरीत जमा झाला. तो ह्यांच्या डब्यातला, हे बेकरीत सगळ्यांना माहीत. चमचा ह्यांनीच घातला असं ठरलं, तर चूक कामगाराची, मालक हात वर करून मोकळा आणि भरपाई गेली. लेक नर्सिंगला आहे, तिचं शिक्षण त्या भरपाईवर अडलेलं. फुकट्याने घातला असं ठरलं, तर भरपाई आम्हाला आणि खटला त्याच्यावर. एकदा आत जाऊन आलेला माणूस, या वेळी सुटला नसता. फुकट्याने जबाब दिला, ‘मला काही आठवत नाही.’ आणि ह्यांनी काय सांगावं? “त्या मशीनवर मुख्य मी होतो. जाळीची जबाबदारी माझी. माझ्या नावावर लिहा.”

हे मला त्यांनी घरी येऊन सांगितलं, भाजी बरी झाली आहे म्हणावं तितक्या सहज.

“तुम्ही खोटं बोललात?”

“खोटं कुठे? कोणी घातला हे मी बोललोच नाही. माझ्या नावावर लिहा म्हणालो.”

“त्याचं पाप तुमच्या नावावर? का? हात दिलात ना? पुरे नाही झालं?”

“अगं, हात दिला तो त्याचा हात बेडीत जावा म्हणून का? मग दिला कशाला?”

“त्याची लायकी नाही हो!” मी ओरडले. शेजारचा रेडिओ बंद झाला, ऐकायला.

“लायकी बघून देतात त्याला पगार म्हणतात,” हे म्हणाले. आणि डाव्या हाताने चमचा धरून जेवायला लागले. भात चमच्यातून सांडत होता, सदऱ्यावर, मांडीवर. बोटांना कळल्याशिवाय पोटाला कळत नाही म्हणणारा माणूस. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले, घासलेलीच.

मग कचेरीचं बोलावणं मलाही आलं. डबा घरचा, म्हणून घरच्यांचा जबाब. मी ठरवून टाकलं. ह्यांना सांगितलंही, “मी सगळं सांगणार. चमचा त्याच्यासाठी होता, तुम्ही चमच्याला कधी हात लावत नव्हता. तुमची दया तुमच्यापाशी. मला माझ्या लेकीचं बघायचंय.” हे म्हणाले, “तुला पटेल ते सांग.” भांडले असते तर बरं झालं असतं. निदान मला जोर आला असता.

कचेरीच्या बाहेर लांबलचक बाक होता. एका टोकाला हे, मधे मी, दुसऱ्या टोकाला तो. आमच्या आधी कोणाची तरी चौकशी चालली होती, ती संपेना. ह्यांना औषध घ्यायचं होतं, त्याआधी खायला हवं, म्हणून मी डबा उघडून दिला. हे दोन चमचे जेवले. मग डबा माझ्या पुढून तसाच त्याच्याकडे सरकवला. “घे.”

मी मनात म्हटलं, आता लाज असेल तर नको म्हणेल. आज तरी!

त्याने डबा घेतला. चमचा एकच होता आणि तो ह्यांच्याकडे, म्हणून त्याने हात घातला. उजवा. मी त्या हाताकडेच बघत बसले. पाचही बोटं शाबूत, नखांत मैदा, अंगठ्यावर भट्टीचा जुना डाग. भात तोंडात जात होता आणि डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं, आणि तो ना पुसत होता ना खायचा थांबत होता. तोंडात घास ठेवूनच म्हणाला, “सांगा वहिनी. तुम्ही सांगाच. मला नाही सांगता येत. मी आतमध्ये जातो आणि माझी जीभच वळत नाही.”

“भित्रा कुठला,” मी म्हटलं.

“हो,” तो म्हणाला.

मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. पण माझी नजर त्या हातावरून हलेना. आणि मनात एक असला विचार आला की माझाच मला संताप आला. हा हात आता त्याचा कुठे राहिलाय? हा आमच्या घरचा हात आहे. आम्ही एक दिला तेव्हा हा शिल्लक राहिला. हा बेडीत गेला तर आमचेच दोन्ही गेले. नवरा हे पहिल्या दिवसापासून सांगत होता आणि मी भांडी घासत होते.

तेवढ्यात शिपायाने मला आत बोलावलं.

अधिकारी तरुण होता, सभ्य होता. टेबलावर कागदाच्या पुडीत चमचा, दांडा वाकलेला, फूल तसंच. “हा ओळखता?”

“आमच्याच घरचा आहे.”

“बाई, नीट विचार करून सांगा.” त्याने पेन खाली ठेवलं. “मला तुमच्या यजमानांचं पटलेलं नाही. हा चमचा त्यांच्या डब्यातला, पण त्यांच्यासाठीच होता का? ते चमच्याने जेवायचे का?”

आयती संधी ताटात वाढून आली होती. खरं तेवढंच बोलायचं होतं. ‘नाही साहेब, कधीच नाही,’ एवढं बोलले असते की लेकीचं शिक्षण झालं असतं, मालकाचं नाक कापलं गेलं असतं आणि फुकट्याला आयुष्यात पहिल्यांदा कशाची तरी किंमत मोजावी लागली असती. मी खोटं बोलत नाही. उभ्या जन्मात बोलले नाही.

“चमच्यानेच जेवतात,” मी म्हटलं.

त्याने ‘जेवायचे’ विचारलं होतं, मी ‘जेवतात’ सांगितलं. त्याच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. त्याने तसंच लिहून घेतलं. मी खाली सही केली. आणि पेन टेबलावर आपटलं.

बाहेर मालक उभा होता, त्याला निकाल चेहऱ्यावरून कळला. “देव बरं करो,” म्हणाला. मी म्हटलं, “तुमचं आधी करो.” आणि चालायला लागले. मागून हे आले, त्यांच्या मागे तो. ह्यांनी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी रस्त्यातच तमाशा केला असता, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

बस आली. गाडी आमच्याच डेपोची, कंडक्टर माझ्या हाताखाली शिकलेला. मी दाराजवळ उभी राहिले. हे खिडकीशी बसले आणि मागच्या सीटवर तो. कंडक्टर हसत आला. “काय कडक बाई, आज प्रवासी? तुमचा पास आहेच. साहेबांचं एक फाडू?”

ह्यांचं पाकीट नेहमी उजव्या खिशात असतं. डावा हात तिथवर पोचेना, वळून वळून प्रयत्न चालला होता. मी पर्स उघडली. कंडक्टरने मागच्या सीटकडे मान वळवली. तो नेहमीचाच, तोंड खिडकीकडे, तिकिटाची वेळ आली की बाहेर बघायचं. फक्त आज खांदे हलत होते. मी वाट बघितली. खरंच सांगते, वाट बघितली. त्याने खिशात हात घातला नाही.

“हा तुमच्याबरोबर आहे का?” कंडक्टरने विचारलं. “एक की दोन?”

हे माझ्याकडे बघत होते.

“दोन फाड,” मी ओरडले. “आणि सुट्टे दे!”